फोनमधली फुकट ॲप आणि कोट्यवधींचा दंड : सॉफ्टवेअरमधील जोडविक्री समजून घेताना

भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुगल कंपनीला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यानंतर पाचच दिवसांनी दुसऱ्या एका प्रकरणात ९३६.४४ कोटींचा आणखी एक दंड झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीवर २१३.१४ कोटी रुपयांचा दंड बसला. पुढे ही प्रकरणे अपिलात गेली, काही आकडे आणि काही निर्देश बदलले, आणि त्या बातम्या आजही अधूनमधून वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर दिसतात. त्या वाचून सामान्य वाचकाच्या मनात एक सरळ प्रश्न उभा राहतो. या कंपन्यांनी नकाशा, ईमेल, व्हिडिओ, संदेश असे सगळे आपल्याला फुकट दिले, मग फुकट देणाऱ्याला दंड कसला? बेळगावच्या गणपत गल्लीत मोबाइल घेणाऱ्या गिऱ्हाइकाला हा प्रश्न पडतो, तसाच तो विकणाऱ्यालाही पडतो. प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर मिळायला हवे.

खताच्या दुकानातले ‘लिंकिंग’

चिकोडी-निपाणीकडच्या ऊसवाल्याला किंवा खानापूरकडच्या भातवाल्याला हा विषय समजावून सांगण्याची फारशी गरज नाही, कारण तो त्याने हंगामात सोसलेला असतो. युरियाची टंचाई असते, पीक थांबायला तयार नसते, आणि दुकानात गेल्यावर उत्तर मिळते की दोन पोती युरिया हवा असेल तर सोबत ही सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटलीही घ्यावी लागेल. बाटली नको असली तरी तिचे पैसे मोजावे लागतात. यालाच शेतकरी आणि दुकानदार दोघेही ‘लिंकिंग’ म्हणतात. दुकानदाराला जाब विचारला तर तोही सांगतो की कंपनीने वरूनच असे लावून दिले आहे, बाटल्या उचलल्या नाहीत तर युरियाचा पुढचा माल मिळत नाही.

या व्यवहारात चार गोष्टी एकत्र आलेल्या असतात. युरिया आणि बाटली या दोन वेगळ्या वस्तू आहेत, ज्यांना वेगवेगळी मागणी असू शकते. पहिल्या वस्तूवाचून गिऱ्हाइकाचे चालत नाही. ती वस्तू पुरवणाऱ्याच्या हाती इतकी ताकद आहे की त्याला नाही म्हणता येत नाही. आणि दुसरी वस्तू नाकारण्याची मोकळीक राहिलेली नाही. स्पर्धेच्या कायद्यात ज्याला जोडविक्री म्हणता येईल, ती याच चार गोष्टींनी ओळखली जाते.

आणखी एक माणूस या व्यवहारात आहे, पण तो दुकानात दिसत नाही. कोणी तरी छोटा उत्पादक याहून चांगली आणि स्वस्त बाटली बनवत असतो. त्याच्या मालाची परीक्षा कधी होतच नाही, कारण शेतकऱ्याचे त्या कामाचे पैसे आधीच सक्तीच्या बाटलीत गेलेले असतात. शेतकऱ्याचे नुकसान निदान त्याच्या बिलावर तरी लिहिलेले असते. या उत्पादकाचे नुकसान कुठेच लिहिलेले नसते, आणि काही वर्षांनी तो धंदा बंद करतो तेव्हा त्याचा माल वाईट होता म्हणून तो गेला असे सगळे समजतात. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रातील सगळा वाद या न दिसणाऱ्या माणसाभोवती फिरतो, हे लक्षात ठेवून पुढे जाऊ.

विंडोज आणि नेटस्केप

संगणक किंवा फोन चालवणारे जे मूळ सॉफ्टवेअर असते, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बाकी सारी सॉफ्टवेअर तिच्यावर बसून काम करतात. १९९० च्या दशकात इंटेल पद्धतीच्या संगणकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक संगणकांवर मायक्रोसॉफ्टची विंडोज ही ऑपरेटिंग सिस्टीम असे. त्याच काळात इंटरनेट घरोघरी येऊ लागले आणि वेबसाइट पाहण्यासाठी ब्राउझर नावाचे सॉफ्टवेअर लागू लागले. नेटस्केप कंपनीचा नॅव्हिगेटर हा ब्राउझर तेव्हा सर्वांत पुढे होता.

मायक्रोसॉफ्टला धास्ती वाटली ती ब्राउझरच्या विक्रीची नव्हे. लोकांची सगळी कामे ब्राउझरमध्येच होऊ लागली तर खाली विंडोज आहे की आणखी काही, याला महत्त्व उरणार नाही, ही खरी भीती होती. मग कंपनीने आपला इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर विंडोजसोबत फुकट द्यायला सुरुवात केली. एवढ्यावर ती थांबली असती तर पुढचा खटला इतका गाजला नसता. संगणक बनवणाऱ्या कंपन्यांवर तिने करारातून अट घातली की एक्सप्लोररचे चिन्ह पडद्यावरून काढायचे नाही. १९९६ साली कॉम्पॅक या मोठ्या संगणक कंपनीने ते चिन्ह काढून नेटस्केपचे ठेवले, तेव्हा मायक्रोसॉफ्टने विंडोजचा परवानाच रद्द करण्याचा इशारा दिला आणि कॉम्पॅकने माघार घेतली. विंडोजशिवाय संगणक विकणे त्या काळी अशक्य होते. खताच्या दुकानदारासारखीच कॉम्पॅकची अवस्था होती. बाटली नाकारली तर युरियाच बंद.

मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकार आणि अनेक राज्यांनी मिळून मायक्रोसॉफ्टवर खटला भरला. न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी जून २००० मध्ये कंपनीचे दोन तुकडे करण्याचा आदेश दिला. जून २००१ मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. मात्र मायक्रोसॉफ्टने आपली मक्तेदारी टिकवण्यासाठी बेकायदा मार्ग वापरले, हा निष्कर्ष मोठ्या प्रमाणात कायम ठेवला. ब्राउझर आणि विंडोज यांचा कोड एकमेकांत मिसळणे आणि नको असलेली सॉफ्टवेअर काढून टाकण्याच्या यादीतून एक्सप्लोररला वगळणे, ही कृत्येही त्या निष्कर्षात होती. तोवर नेटस्केप मात्र संपली होती. १९९८ च्या अखेरीस तिच्या विक्रीचा सौदा जाहीर झाला होता. न्यायालयाने तिच्यावर अन्याय झाल्याचे मान्य केले तेव्हा बाजारात तिला उभे राहायला जागा उरली नव्हती.

या एका खटल्यात जोडविक्रीचे दोन प्रकार दिसतात : करारातून लादलेली आणि सॉफ्टवेअरच्या रचनेतच गुंफलेली. तिसरा प्रकार किमतीचा आहे. मायक्रोसॉफ्टने टीम्स हे कार्यालयीन संवादाचे सॉफ्टवेअर आपल्या ऑफिसच्या संचात घातले. ज्या कार्यालयाने वर्ड आणि एक्सेलसाठी पैसे भरलेलेच आहेत, ते स्लॅकसारख्या दुसऱ्या कंपनीला त्याच कामासाठी वेगळे पैसे का देईल? स्लॅकने जुलै २०२० मध्ये युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने मायक्रोसॉफ्टची लेखी हमी स्वीकारली, ज्यात टीम्सशिवायचा संच कमी किमतीत देण्याचे बंधन आहे. तक्रारीपासून निकालापर्यंत पाच वर्षे गेली आणि स्लॅक तोवर स्वतंत्र कंपनी राहिली नव्हती. २०२१ मध्येच ती सेल्सफोर्सने विकत घेतली होती.

अँड्रॉइडचे प्रकरण

आपल्याकडच्या फोनचे प्रकरण थोडे गुंतागुंतीचे आहे. अँड्रॉइड ही ऑपरेटिंग सिस्टीम गुगलची असली तरी तिचा मूळ भाग खुला आहे आणि तो कोणीही विनामूल्य वापरू शकतो. मग सक्ती कुठून आली? ती आली प्ले स्टोअरमधून. लोक ज्या दुकानातून ॲप उतरवून घेतात, ते प्ले स्टोअर खुल्या भागात येत नाही. प्ले स्टोअर नसलेला फोन भारतात कोणी विकत घेणार नाही हे फोन बनवणाऱ्या प्रत्येक कंपनीला ठाऊक असते. ते मिळवण्यासाठी गुगलशी करार करावा लागे, आणि त्या करारात गुगल सर्च, क्रोम, यूट्यूब, मॅप्स, जीमेल असा पूर्ण संच फोनमध्ये आधीपासून घालण्याची अट होती. त्यातले काही भाग पडद्यावर ठळक जागी ठेवावे लागत.

दुसरा एक करार माझ्या मते याहूनही जाचक होता. खुल्या अँड्रॉइडमध्ये फेरफार करून कोणी वेगळी आवृत्ती बनवली, तर तशा आवृत्तीचे फोन विकणार नाही असे फोन कंपन्यांना लिहून द्यावे लागे. म्हणजे एखाद्या कंपनीने आपल्या शंभर प्रकारच्या फोनपैकी एका प्रकारातही अशी आवृत्ती घालून पाहिली, तरी उरलेल्या नव्व्याण्णव प्रकारांवरचे प्ले स्टोअर धोक्यात. ॲमेझॉनने फायर नावाची अशीच आवृत्ती बनवली होती, पण ती घालून फोन बनवायला मोठ्या कंपन्या पुढे येणे या अटीमुळे अवघड झाले. अँड्रॉइड खुले आहे हे कागदावर खरे होते. त्या खुलेपणाचा उपयोग करण्याची वाट करारांनी अडवली होती.

भारतातील तक्रार कोणा बलाढ्य प्रतिस्पर्ध्याने केलेली नव्हती. अँड्रॉइड फोन वापरणाऱ्या सामान्य व्यक्तींनी ती केली होती, आणि एप्रिल २०१९ मध्ये आयोगाने चौकशीचा आदेश दिला. साडेतीन वर्षांनी दंडाबरोबर दहा निर्देश आले. गुगल सर्वोच्च न्यायालयात गेली, पण १९ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने स्थगिती नाकारली. त्याच महिन्यात गुगलने जाहीर केले की भारतात फोन बनवणाऱ्या कंपन्यांना हवी तेवढीच ॲप निवडून घेता येतील आणि नवा फोन सुरू करताना वापरणाऱ्याला सर्च इंजिन निवडण्याचा पर्याय दिसेल. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंडाची पूर्ण रक्कम कायम ठेवली, मात्र दहापैकी चार निर्देश रद्द केले. आधीपासून घातलेली गुगलची ॲप काढून टाकता आली पाहिजेत हा निर्देश त्या चारांत होता. अनेक वाचकांना आजही फोनमधून काही ॲप काढता येत नाहीत, फक्त बंद करता येतात, त्यामागे हा इतिहास आहे. युरोपनेही याच कारणांसाठी २०१८ मध्ये गुगलला ४३४ कोटी युरोंचा दंड केला होता. तिथल्या न्यायालयाने २०२२ मध्ये तो ४१२.५ कोटींवर आणला.

नको असेल तर दुसरे घ्या, कोणी अडवले आहे?

हा सर्वांत नेहमीचा आक्षेप आहे आणि तो वरवर बिनतोड वाटतो. फायरफॉक्स किंवा दुसरा कोणताही ब्राउझर उतरवून घ्यायला दोन मिनिटे लागतात, मग सक्ती कसली?

याचे उत्तर कंपन्यांच्या स्वतःच्या हिशेबात आहे. अमेरिकेत गुगलविरुद्ध चाललेल्या खटल्यात उघड झाले की २०२१ या एका वर्षात गुगलने ॲपल, सॅमसंग आदी कंपन्यांना, आपले सर्च आधीपासून निवडलेले राहावे यासाठी, २,६३० कोटी डॉलर दिले. लोक मनात आले की सहज बदलतात असे गुगलला वाटत असते, तर तिने इतकी रक्कम मोजली नसती. न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ च्या निकालात सर्चच्या बाजारात गुगलने मक्तेदारी बेकायदा टिकवल्याचे म्हटले, त्यात या करारांचा वाटा मोठा होता.

आपल्याकडे तर ही गोष्ट आणखी पुढे जाते. नवा फोन कोण सुरू करून देतो ते पाहा. निपाणी असो, खानापूर असो की शहापूर, गावाकडून आलेले काका फोन पसंत करतात, पैसे देतात, आणि दुकानातला मुलगा पेटी फोडून, सिम घालून, पडद्यावर येणाऱ्या प्रत्येक प्रश्नाला भराभर ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य आहे’ करत जातो. भाषा बहुधा इंग्रजीच राहते. सर्च इंजिन निवडण्याचा जो पर्याय मिळवायला वर्षानुवर्षे न्यायालयीन लढाई झाली, तो त्या मुलाच्या अंगठ्याखालून एका क्षणात निघून जातो, आणि काकांच्या हातात फोन येतो तेव्हा सगळे ठरलेले असते. त्या मुलाला यात दोष देता येत नाही. रांगेत आणखी चार गिऱ्हाइके उभी असतात. पण निवडीचा हक्क केवळ एका पडद्यावर टेकवला तर तो किती तकलादू असतो, हे इथे कळते.

फुकट, पण कोणाच्या खर्चाने?

आपण सर्चसाठी पैसे देत नाही हे खरे. पैसे जाहिरातदार देतात. टिळकवाडीत शिकवणी चालवणाऱ्या बाईंना किंवा खानापूर रस्त्यावरच्या मंगल कार्यालयाच्या मालकाला गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचायला आज ऑनलाइन जाहिरात द्यावी लागते. लोक एकाच ठिकाणी शोधत असतील, तर जाहिरातही तिथेच द्यावी लागते आणि दरही तिथे ठरेल तोच मोजावा लागतो. तो खर्च शेवटी शिकवणीच्या फीमध्ये आणि कार्यालयाच्या भाड्यात मिसळतो, आणि आपण तो वेगळ्या नावाने भरतो.

याशिवाय पैशांत न मोजता येणारी एक किंमत आहे. बाजारात दोन-तीन तोडीच्या सेवा असतील तर त्यांना एकमेकींपेक्षा चांगले व्हावे लागते : निकाल अचूक द्यावे लागतात, आपली माहिती जपून वापरावी लागते. एकच उरली की हा रेटा जातो. व्हॉट्सॲपवरील दंडाचे मूळ इथेच आहे. २०२१ मध्ये कंपनीने आपले गोपनीयता धोरण बदलले आणि माहिती मेटाच्या इतर कंपन्यांना देण्यास मान्यता द्या, नाही तर सेवा सोडा, असा पवित्रा घेतला. तुल्यबळ पर्याय असता तर अशी अट घालण्यापूर्वी कंपनीला विचार करावा लागला असता.

सोय आणि सुरक्षितता यांचे काय?

इथे कंपन्यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण त्यांचे म्हणणे पूर्णपणे बहाणा नाही. फोन घेतल्यावर कॅमेरा, घड्याळ, गणकयंत्र, ब्राउझर वेगवेगळे शोधत बसायला कोणालाच आवडणार नाही. एका जागी नीट बसवलेली सॉफ्टवेअर बहुधा एकमेकांशी चांगली जुळतात. कुठूनही ॲप उतरवू देण्यात फसवणुकीचा धोका असतो, हे खोट्या कर्ज ॲपनी पोळलेल्या कुटुंबांना सांगायला नको. एकेकाळी शब्दलेखन तपासणीचे सॉफ्टवेअरही वेगळे विकत मिळे. आज ते लेखनाच्या सॉफ्टवेअरमध्येच असते आणि त्याबद्दल कोणाची तक्रार नाही.

म्हणूनच जोडून दिले की गुन्हा झाला असे कायदा मानत नाही. २००१ मधील मायक्रोसॉफ्टच्या निकालात अपील न्यायालयाने हेच सांगितले होते : ऑपरेटिंग सिस्टीमसारख्या क्षेत्रात जोडणीचे फायदे आणि तोटे प्रत्येक वेळी तोलून पाहावे लागतील. तपासायचा मुद्दा असा की सोयीसाठी आधीपासून ठेवणे आणि काढता येऊ नये अशी तजवीज करणे, यांतला दुसरा भाग सोयीसाठी खरोखर आवश्यक होता का? सुरक्षिततेसाठी नियम करणे आणि प्रतिस्पर्ध्याला दुकान उघडूच न देणे, यांतही तोच फरक आहे. खतवाला ‘ही बाटली पिकाला चांगली’ असे सांगू शकतो, ती कदाचित चांगली असेलही. पण चांगली असेल तर ती स्वतःच्या गुणावर विकली जाऊ द्यावी.

मोठे असणे हा गुन्हा नाही

आपल्या देशात हा विषय स्पर्धा अधिनियम, २००२ खाली येतो आणि गैरवापराविरुद्धच्या तरतुदी २० मे २००९ पासून अमलात आहेत. त्याचे कलम ४ वाचले तर दिसते की बाजारात वर्चस्व असण्याला बंदी नाही, वर्चस्वाच्या गैरवापराला आहे. मूळ व्यवहाराशी संबंध नसलेल्या अटी गळ्यात मारणे, दुसऱ्याला बाजारात येऊ न देणे, आणि एका बाजारातील ताकदीच्या बळावर दुसऱ्या बाजारात शिरणे किंवा तिथली जागा राखणे, हे प्रकार त्यात स्पष्ट नमूद आहेत. चांगला माल बनवून मोठ्या झालेल्या कंपनीला या कलमाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

दंडाने काय बदलते?

खरे सांगायचे तर दंडाच्या रकमेने फार थोडे बदलते, आणि दंडासोबत आलेल्या आदेशांचा इतिहासही फारसा आशादायक नाही. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि मीडिया प्लेअर नसलेली विंडोज बाजारात आणायला लावली. कंपनीने ती आणली, आणि मीडिया प्लेअर असलेल्या विंडोजच्याच किमतीला विकायला ठेवली. त्याच पैशांत कमी वस्तू कोण घेणार? ती जवळजवळ कोणी घेतली नाही. आदेशाचे पालन झाले आणि परिणाम शून्य झाला. पुढे २००९ मध्ये ब्राउझर निवडण्याचा पडदा दाखवण्याचे ठरले. तो पडदा सुमारे दीड कोटी संगणकांवर दिसलाच नाही, म्हणून २०१३ मध्ये ५६.१ कोटी युरोंचा नवा दंड झाला.

अडचण अशी की या सगळ्या कारवाया नुकसान झाल्यावर सुरू होतात. चौकशी, सुनावणी, अपील, पुन्हा अपील यांत वर्षे जातात, आणि सॉफ्टवेअरच्या बाजारात तेवढ्या काळात प्रतिस्पर्धी संपतो. म्हणून युरोपने डिजिटल बाजारांसाठी वेगळा कायदा केला, ज्याच्या मुख्य अटी मार्च २०२४ पासून लागू आहेत. तक्रारीची वाट न पाहता काही मोजक्या महाकाय कंपन्यांची नावे आधीच जाहीर करून त्यांनी काय करायचे नाही हे त्यात ठरवून दिले आहे. आपल्याकडे केंद्राच्या कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाने मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा असाच मसुदा मांडला. उलाढालीच्या निकषांबरोबरच किमान एक कोटी वापरकर्ते किंवा दहा हजार व्यावसायिक वापरकर्ते असलेल्या कंपन्या त्याच्या कक्षेत आणण्याचे त्यात सुचवले होते. त्यावर हरकती केवळ परदेशी कंपन्यांच्या आल्या नाहीत. वाढत्या भारतीय कंपन्यांनाही वाटते की उद्या आपणही या जाळ्यात अडकू. ही भीती दुर्लक्षिण्यासारखी नाही, आणि निकष नीट आखले नाहीत तर कायदा चुकीच्या माणसावर बसू शकतो. तरीही नुकसान होऊन गेल्यावर न्याय देण्याची आजची पद्धत या बाजाराला पुरत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

सीमाभागाशी याचा संबंध काय?

बेळगाव परिसरात पतसंस्था आणि सहकारी सोसायट्यांचे जाळे दाट आहे. पिग्मी गोळा करणारा एजंट पूर्वी वही घेऊन दुकानोदुकानी फिरे, आता तो फोनवर नोंद करतो. अशी सॉफ्टवेअर बनवणारे लहान व्यावसायिक असतात, आणि त्यांच्या मालाची खरी जमेची बाजू म्हणजे पावती मराठीत निघते, तपासणीचा अहवाल कन्नडमध्ये देता येतो, आणि अडले तर माणूस दुचाकीवर येऊन दुरुस्त करतो. अशा व्यावसायिकाने आपले ॲप लोकांपर्यंत कुठून न्यायचे? दुकान एकच आहे, आणि त्याचे नियम बदलले तर त्याला विचारणारे कोणी नाही.

हा धोका काल्पनिक नाही. १ मार्च २०२४ रोजी गुगलने शुल्काच्या वादातून शादी डॉट कॉम, नोकरी डॉट कॉम, भारत मॅट्रिमनी अशी अनेक भारतीय ॲप प्ले स्टोअरवरून काढून टाकली. केंद्र सरकारने मध्यस्थी केल्यावर ती काही दिवसांत परत आली. गुगलचे म्हणणे होते की या कंपन्या सेवेचे शुल्क बुडवत आहेत; कंपन्यांचे म्हणणे होते की शुल्कच अन्याय्य आहे. कोण बरोबर हे बाजूला ठेवू. केंद्रीय मंत्र्यांपर्यंत ज्यांचा आवाज पोहोचला त्यांची ॲप परत आली. खानापूरच्या एखाद्या तरुणाने बनवलेले ॲप निघाले असते तर?

भाषेचा प्रश्नही याला जोडून येतो. इथला माणूस घरी मराठी बोलतो, ग्रामपंचायतीत कन्नड कागद वाचतो आणि बँकेत इंग्रजी अर्ज भरतो, बरेचदा एकाच दिवशी. तिन्ही लिप्यांत सहज लिहू देणारा कळफलक, गावांची मराठी आणि कन्नड दोन्ही नावे ओळखणारा नकाशा, या आपल्या गरजा आहेत. जगभर विकणाऱ्या कंपनीच्या दृष्टीने हा बाजार फार लहान आहे, आणि तिने त्यावर खास मेहनत घ्यावी अशी अपेक्षाही अवास्तव ठरेल. ती गरज भागवणारा कोणी दुसरा उभा राहणेच शक्य आहे. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेले, अनेक भारतीय भाषांत चालणारे इंडस ॲप स्टोअर हा तसा एक प्रयत्न आहे. तो चांगला आहे की नाही हे लोकांनी वापरून ठरवावे. पण वापरायला ते फोनमध्ये तर आले पाहिजे, आणि ते येईल की नाही हे वर सांगितलेल्या करारांवर अवलंबून असते.

तक्रार कोण करू शकते?

स्पर्धा आयोगाकडे तक्रार करायला मोठी कंपनी किंवा नामांकित वकील असावे लागत नाही. कलम १९ नुसार कोणतीही व्यक्ती, ग्राहक किंवा त्यांची संघटना ठरावीक शुल्क भरून माहिती दाखल करू शकते. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओला-उबर प्रकरणाच्या निकालात स्पष्ट केले की तक्रारदाराचे स्वतःचे नुकसान झालेले असण्याचीही गरज नाही. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र मुदत घातली आहे, त्यामुळे प्रकार घडल्यापासून तीन वर्षांच्या आत जावे लागते; उशिराचे कारण आयोगाला पटले तरच सवलत मिळते. आयोगाला सकृद्दर्शनी तथ्य दिसले तर तो आपल्या महासंचालकांना चौकशीचा आदेश देतो आणि पुढचे पुरावे शोधण्याचे काम त्या यंत्रणेचे असते. तक्रारदाराने सुरुवातीला जोडायचे ते साधे कागद : करारातील अट, पडद्याची छायाचित्रे, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, बिले. एखाद्या पतसंस्थेला हिशेबाच्या सॉफ्टवेअरसोबत नको असलेली सेवा सक्तीने घ्यावी लागत असेल, किंवा उद्यमबागेतील कारखानदाराला आरेखनाच्या सॉफ्टवेअरचा एक भाग हवा असताना पूर्ण संच घ्यायला भाग पाडले जात असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी ती अट लेखी मागून घ्यावी. तोंडी सांगितलेली सक्ती सिद्ध करणे अवघड जाते. ईमेलवर आलेली एक ओळ पुरेशी ठरू शकते.